फुलोऱ्याचे दहा दिवस

धान निसवलं की जागेश्वरच्या प्लॉटवर घड्याळाला भाव यायचा. एरवी सकाळ, दुपार आणि सांज एवढ्यावर ज्यांचं भागायचं त्या बाया या दहा दिवसांत घटकेघटकेला एकमेकींना विचारायच्या, किती वाजले वं. कारण शेत जागेश्वरचं असलं तरी प्लॉट बियाण्याच्या कंपनीसाठीचा होता. दोन ओळी नराच्या, आठ मादीच्या, पुन्हा दोन नराच्या. सकाळी दहाच्या सुमारास लोंब्यांवरची बारकी फुलं तोंड उघडायची आणि साडेबारापर्यंत मिटून जायची. तेवढ्यात दोन बायांनी दोन बांधांवरून लांब दोर ताणून धरायचा आणि उभ्या धानावरून ओढत न्यायचा. दोर घासला की नराच्या ओळीतून पिवळट भुकटी धुरासारखी उठायची आणि मादीच्या ओळींवर जाऊन बसायची. अर्ध्या तासानं पुन्हा दोर. दिवसाच्या चार फेऱ्या. एक चुकली तर तेवढ्या लोंब्या पोचट.

दोराच्या एका टोकाला सरिता आणि दुसऱ्या टोकाला जनाबाई, अशी नऊ वर्षांची जोडी होती. मधे शेताची रुंदी असायची, बोलणं पोचायचं नाही, पण कुठं ताणायचं आणि कुठं सैल सोडायचं ते दोघींच्या मनगटांना ठाऊक होतं.

रविवार होता. सरिताची पोरगी दीक्षा, दहावीतली, आईचा डबा घेऊन बांधावर आली तेव्हा दुसरी फेरी चालली होती. सरिता शिंकत होती. दीक्षानं मोजल्या, सलग अकरा. बारावी आली तशी सरिता वाकली, तिच्या हातचा दोर सैल पडला, धानात अडकला आणि चार लोंब्या मोडून खाली आल्या. ती सरळ झाली तेव्हा तिच्या पापण्या भिजलेल्या हरभऱ्यासारख्या फुगल्या होत्या. श्वास घेतला की छातीतून बारीक शिट्टी निघत होती. ती तशीच पुढं चालली, कारण दोर अर्ध्यात सोडता येत नव्हता.

फेरी संपल्यावर बाया बोरीच्या झाडाखाली जमल्या. तिथं एक घागर आणि एक स्टीलचा गडवा असायचा. सगळ्या त्यातूनच प्यायच्या, वरूनच, तोंड न लावता. सरिताची पाळी आली तशी मुकादमीण यमुताईनं गडवा आपल्याकडेच ठेवला. पिशवीतून चहाचा कागदी गिलास काढला, सरिताच्या हातात दिला आणि हातभर उंचीवरून त्यात पाणी ओतलं. चार थेंब सरिताच्या मनगटावर उडाले.

"राग मानू नोको वं सरिता," यमुताई म्हणाली. आवाज असा, की जणू साडीचोळीच देते आहे. "लेकरंबाळं साऱ्यांच्याच घरी आहेत. पिऊन झालं की तिकडं दूर फेकजो. अन् उद्यापासून रिपोट घेऊन ये, मंग धर दोर."

बाकीच्या बाया आपापल्या पायांची बोटं बघत होत्या. जनाबाईसुद्धा. दीक्षाला वाटलं, आता आई तो गिलास चुरगाळून यमुताईच्या अंगावर फेकेल. पण सरिता ते पाणी प्यायली. सगळं प्यायली, आणि गिलास दूर नेऊन टाकून आली.

दहा दिवसांच्या मजुरीपुरतं ते असतं तर सरितानं मनावर घेतलं नसतं. पण या टोळीचा नियम जुना होता. फुलोऱ्यात जी दोर ओढेल तिलाच कापणीत आपली ओळ मिळायची. ओळ म्हणजे कापणीपासून मळणीपर्यंत महिना-दीड महिन्याचं काम. एकदा ओळ गेली की ती दुसरीची झाली, मग पुढच्या वर्षीही तिचीच.

घरी प्रेमानंद जेवायला आला होता. तो कन्हान ते कामठी सवारी ऑटो चालवायचा. पाच दिवसांपासून त्यानं आपली खाट ओसरीत काढली होती. उकडते, म्हणाला होता. दीक्षानं यमुताईचं सगळं सांगितलं, हातवारे करून, यमुताईचा आवाज काढून सांगितलं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाला की त्या बाईचं काय चुकलं, भीती साऱ्यांनाच असते.

"दोन डाव थुंकी तपासली बाबा. दोनी डाव काही निंगालं नाही. टीबी नाही तिले."

"मंग काय हौस म्हणून खोकलते का थे?"

दीक्षा आधी अशी बोलत नव्हती. ऑगस्टमध्ये तालुक्याच्या भाषणस्पर्धेत पहिली आली, तेव्हापासून तिच्या जिभेला कोणी अडवू शकत नव्हतं. पणजोबा छप्पन साली पायी नागपूरला गेले, ते कशासाठी गेले होते, तिनं विचारलं. आपल्या पोरीबाळींना हातभर उंचीवरून पाणी मिळावं म्हणून? आणि ओसरीत उकडत नाही का? घरात उकडते अन् ओसरीत नाही, असा कोणता पंखा आहे ओसरीत?

प्रेमानंदचा घास हातातच राहिला. "तोंड लय चालते तुयं," एवढंच तो म्हणाला आणि हात धुऊन ऑटोकडं गेला. भाकरी अर्धी तशीच होती. आतल्या खोलीतून सरितानं दीक्षाला हाक मारली आणि धापत धापत सांगितलं, बापाशी असं बोलू नये. त्या एका वाक्यात ती तीनदा थांबली.

सोमवार, मंगळवार सरिता घरीच राहिली. कुवाराची, आश्विनातली हवा लागू नये म्हणून खिडकी लावून घेतली. ओवा घालून वाफ घेतली, गरम पाण्याच्या गुळण्या केल्या. पण दम कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेला. पहाटे तर ती खाटेवर उठून बसायची, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानापर्यंत चढलेले, मानेच्या शिरा तटतटलेल्या. ही खबर यमुताईपर्यंत पोचलीच. दोन दिवस शेताचं तोंड नाही पाहिलं तरी धापतेच आहे, मग धानाचा काय संबंध, असं ती चार घरी बोलली. सरितालाही आता भीती वाटायला लागली होती. मंगळवारी तिनं आपलं ताट वेगळं काढलं. दीक्षानं ते उचलून पुन्हा मांडणीवर आदळलं.

दोर मात्र रोज घरी येत होता. प्लॉटपासून सर्वांत जवळचं घर सरिताचं, आणि दोर रात्री बाहेर राहिला तर दव खाऊन जड होतो, खाली ठेवला तर उंदीर कुरतडतात. म्हणून पहिल्या वर्षापासून तो सरिताच्या आतल्या खोलीत, उंच खुंटीवर. याही दोन दिवशी जनाबाई सांजेला दोर घेऊन यायची. आत येत नव्हती. उंबऱ्यावरूनच दीक्षाच्या हातात द्यायची, कशी आहे वं आई, असं जमिनीकडं बघत विचारायची आणि उत्तराच्या आधी वळायची. दीक्षा दोराचं वेटोळं करून खुंटीवर टांगायची. खुंटी सरिताच्या खाटेच्या बरोबर वर होती.

मंगळवारी संध्याकाळी सरितानं पेटीतून पांढरी साडी काढली. दसऱ्याला नागपूरला जायला नेसायची साडी. घड्या मोडाव्यात, पेटीचा वास जावा म्हणून ती खाटेच्या उशाशी पसरून ठेवली.

बुधवारी सकाळी त्या साडीवर पिवळट पट्टा होता. वाकडा, बोटभर रुंद, धाग्यासारखा वळत गेलेला.

"हळद कोनं सांडली वं?" सरिता चिडली. वर्षातून एकदा नेसायची साडी.

दीक्षानं पट्ट्यावरून बोट फिरवलं. हळद नव्हती. हळदीपेक्षा बारीक, पिठासारखी मऊ भुकटी. तिनं वर पाहिलं. वर दोर होता, जसा पट्टा तसाच वाकडा लोंबलेला. तिनं तो ओढून खाली काढला आणि झटकला. दारातून तिरीप येत होती, त्या तिरिपीत धूळ अशी उठली, की जणू खोलीत कोणी पीठ चाळलं. आणि तिच्या पाठीमागं सरिता शिंकायला लागली. एक, दोन, पाच, नऊ. मग शिट्टी.

दीक्षानं दोर उचलला आणि अंगणात, अंगणापलीकडं, बेशरमीच्या झुडपात भिरकावला.

विज्ञानाच्या पेपरात तिनं फुलाची आकृती काढली होती. परागकण, परागकोश, कुक्षी, सगळ्यांना बाण देऊन नावं. वाऱ्यामार्फत परागीभवन, उदाहरण धान. पाचापैकी पाच. बाईंनी वहीवर शाबास लिहिलं होतं. वारा ती भुकटी मादीच्या ओळीवर नेतो, हे तिला पाठ होतं. ती तिच्या आईच्या नाकात, डोळ्यांत, छातीतही जाते, हे तिला या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. आणि घरात ती वाऱ्यानं आणली नव्हती. दीक्षानं स्वतःच्या हातांनी आणली होती, व्यवस्थित वेटोळं करून आईच्या डोक्यावर टांगली होती, आणि वर खिडकीही बंदच राहू दिली होती. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. तिनं खिडकी इतक्या जोरात उघडली की बिजागरीचा खिळा निघाला.

शाळा बुडवून ती आईला दवाखान्यात घेऊन गेली. बापाचा ऑटो सोडून दुसऱ्याच्या ऑटोत बसली. साडी पिशवीत घेतली होती.

दवाखान्यात नव्या डॉक्टर होत्या, अदिती मॅडम. मागच्या वेळी थुंकीचा डबा देऊन पाठवणारे वेगळे होते. मॅडमनी छाती तपासली, पाठ तपासली, आणि मग पेन खाली ठेवून विचारत बसल्या. कोणत्या महिन्यात होतं? कुवारात. पाऊस आला तर? त्या दिवशी बरं वाटते. दिवाळीनंतर? काहीच नाही, उन्हाळाभर ठणठणीत. पहिल्यापासून असं आहे का? नाही. पहिली दोन-तीन वर्षं नुसतं नाक वाहायचं. मग डोळे खाजायला लागले. छातीत उतरलं ते दोन वर्षांपासून. सरिता सांगत गेली तसतशी स्वतःच थांबून विचार करायला लागली, जणू हे सगळं ती पहिल्यांदा ऐकत होती.

मॅडमनी साडीवरचा पट्टा बघितला आणि हसल्या नाहीत. धान म्हणजे शेवटी गवतच, त्या म्हणाल्या. गवताच्या फुलांची भुकटी हवेत असते, सगळ्यांच्याच नाकात जाते. बहुतेकांचं शरीर तिकडं लक्ष देत नाही. काहींचं शरीर मात्र तिला शत्रू समजतं आणि शिंका, पाणी, सूज, जे हाताशी असेल ते घेऊन तिला हाकलायला उठतं. दरवर्षी जास्त जोरात. त्यात श्वासाच्या नळ्या आवळतात, म्हणून शिट्टी. नेमकी कशाची ॲलर्जी ते नागपूरला हातावर टोचून बघता येईल, तिथं चिठ्ठी देते, पण हे ऐकून मला फारशी शंका नाही.

त्यांनी पंप दिला. आधी श्वास सोडायचा, मग दाबायचं आणि ओढायचं, मग दहा मोजेपर्यंत धरून ठेवायचं. सरितानं पहिल्यांदा दाबलं आणि सगळं औषध समोर उडवलं. दुसऱ्यांदा जिभेवर घेतलं. मॅडमनी पाच वेळा करून दाखवलं. शेतातून आल्याबरोबर अंग धुवायचं, डोकं धुवायचं, कपडे बदलायचे, आणि तो दोर घरात नको.

"मॅडम, एकाचं दुसऱ्याला होते का हे?" दीक्षानं विचारलं.

"नाही. एका ताटात जेवा."

"मंग तसं लिहून द्या. मराठीत. शिक्का मारून."

मॅडमनी तिच्याकडं पाहिलं, मग कागद ओढला. लिहिता लिहिता म्हणाल्या की फुलोऱ्याचे दहा दिवस मात्र दोर सोडावा लागेल, कागदावर तेही लिहिते. सरितानं मान हलवली नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती म्हणाली, "दोर सोडला तं ओळ जाते." दीक्षा तिला म्हणाली की कागद वाचल्यावर कोणाची हिंमत आहे ओळ काढायची.

गुरुवारी साडेदहाला दोघी प्लॉटवर गेल्या. सरितानं ओल्या दुपट्ट्याची चौपदरी घडी नाकावर बांधली होती. वारा पाठीमागून यावा म्हणून दीक्षानं तिला रस्त्याच्या अंगाला उभं केलं. जनाबाईनं झुडपातून शोधून नेलेल्या दोराची पहिली फेरी नुकती संपली होती, सरिताच्या टोकावर तीन दिवसांपासून एक नवखी होती आणि तिला जमत नव्हतं. बाया झाडाखाली आल्या. जागेश्वर बांधावर उभा राहून धानाकडं बघत होता. कंपनीचा सुपरवायझर सौरव, टोपी घालून मोबाइलवर होता.

दीक्षानं कागद उघडला आणि भाषणस्पर्धेच्या आवाजात वाचला. शेवटची ओळ दोनदा वाचली. हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही. हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही.

यमुताईनं पदरानं मान पुसली. "ॲलर्जी? थे तं बंगल्यावाल्यांले होते वं. पंखा जोरात फिरला तरी शिंकतात बाप्पा थे."

बाया हसल्या. सरिताही चौपदरी फडक्याआड हसली की काय, दीक्षाला कळलं नाही, आणि तिचा पारा आणखी चढला.

"बंगल्यावाल्यांनी नऊ वर्षं असा दोर ओढला असता ना यमुताई, तं त्यांच्या नाकाचा फोटो पेपरात आला असता."

सौरव पुढं आला, कागद मागून घेतला, त्याचा फोटो काढला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की चांगलं झालं लिहून आणलं, आता यांना दोरावर घेताच येणार नाही, उद्या काही झालं तर कंपनीवर येईल. आणि दोर नाही तर ओळ नाही, हा तुमचाच नियम आहे, त्यात मी काही बोलत नाही. त्यानं कागद परत दिला. दीक्षाच्या हाताला तो तापलेल्या तव्यासारखा लागला. आईवरचा डाग पुसायला आणलेल्या कागदानंच तिची ओळ पुसली होती, आणि तो कागद तिनं स्वतः हट्टानं लिहून घेतला होता.

यमुताईचा आवाज आता मवाळ झाला. तिनं गडवा भरला आणि सरितापुढं धरला. "घे वं. कागद आला तुया, झालं. पी पानी."

सरितानं नाकावरचं फडकं खाली केलं. गडव्याला हात लावला नाही.

"कागद नसता आला तं?"

तेवढ्यात बांधावरून जागेश्वर ओरडला की दुसऱ्या फेरीची वेळ झाली, चला. नवखी पोरगी कंटाळून मागं सरकली होती. यमुताईनं इकडंतिकडं पाहिलं आणि तिची नजर दीक्षावर थांबली. पोरगी मजबूत आहे, आजच्या दिवस धरेल तिच्या आईचं टोक, ती म्हणाली. दीक्षा काही म्हणायच्या आत सरिताचा हात तिच्या छातीसमोर आडवा आला. तो हात हटला नाही.

आणि मग जनाबाई खाली बसली. दोराच्या वेटोळ्यावर, फतकल मारून.

"जनाबाई, उठ वं," जागेश्वर जवळ येत म्हणाला. "फुलं मिटतीन."

"मिटू द्या." जनाबाई कधी मोठ्यानं बोलायची नाही, आताही बोलली नाही. "नऊ वर्षं माह्या समोरच्या टोकाले हे बाई आहे. रविवारी मी गप बसली, ते माह्या गळ्याखाली उतरून नाही राहिलं. तिच्या ओळीचं सांगा. मंग उठतो मी."

अकरा वाजून गेले. धानावर ऊन चढलं होतं, लोंब्यांवरची फुलं उघडी पडली होती आणि हवेत काहीच उडत नव्हतं. सौरवनं दोनदा मोबाइलमध्ये वेळ बघितली. त्यानं जागेश्वरकडं पाहिलं, जागेश्वरनं यमुताईकडं. आणखी एक बाई, मग तिच्या शेजारची, अशा दोघी जनाबाईच्या बाजूला येऊन बसल्या. जागेश्वर म्हणाला की कापणीला हात कमी पडतात, दरवर्षी पडतात, यमुताई, काय ते बोलून टाका, माझ्या लोंब्या पोचट करू नका.

"ठेवली ओळ," यमुताई जमिनीकडं बघून पुटपुटली.

"मोठ्यानं," जनाबाई म्हणाली.

"सरिताची ओळ ठेवली. कापणीले ये."

जनाबाई उठली, पदर खोचला, एक टोक घेतलं. दुसरं टोक धरायला कोणीच पुढं झालं नाही, ते यमुताईनं धरलं. मुकादमी मिळाल्यापासून तिनं दोर ओढला नव्हता. दहा पावलांत तो धानात अडकला आणि जनाबाईनं पलीकडून असा झटका दिला की यमुताई गुडघ्यापर्यंत चिखलात गेली. भुकटीचा पहिला लोट उठला तशी दीक्षानं आईला खेचून रस्त्यावर नेलं.

परतताना दीक्षा पुढं, सरिता मागं. दीक्षा बोलतच होती. माफी कोणी मागितली नाही. फुलोऱ्यातल्या उरलेल्या दिवसांची मजुरी गेली ती गेलीच. त्या टोपीवाल्यानं फोटो काढला तोही न विचारता. यमुताईला चिखलात पडलेलं पाहून तिचं समाधान झालं नव्हतं, तिला अजून पाहिजे होतं. ती गर्रकन वळली आणि चार दिवस पोटात राहिलेलं विचारलं.

"रविवारी थे पानी काहून प्याली तू? राग नाही आला का तुले?"

सरिता नाल्याच्या पुलाजवळ थांबली होती. एक हात कठड्यावर, दुसरा छातीवर. एवढा वेळ तिथं उभं राहिल्यानं शिट्टी परत सुरू झाली होती. तिनं बोट वर करून पोरीला थांब म्हटलं. कंबरेच्या पिशवीतून पंप काढला, हलवला, श्वास पूर्ण सोडला, दाबला, ओढला. डोळे मिटून दहा मोजले, बोटांवर. थोडं थांबून पुन्हा दाबला, पुन्हा दहा. मग ती कठड्यावर बसली. बराच वेळ बसली. नाल्याच्या पाण्यावर बगळा उतरला आणि उडून गेला. खांदे हळूहळू खाली आले. शिट्टी बारीक झाली, मग ऐकू येईना.

"थे यमी," सरिता म्हणाली, "तिच्या पोरीच्या बाळंतपनात आठ दिवस मी तिच्या घरी राबली, माह्या हातचा भात गपागप गिळला तिनं अन् वरून वाढ म्हने, तवा नाही आठवले तिले लेकरंबाळं, अन् आता मुकादमीन झाली तं आभाळातून पडल्यासारखी करते भवानी, जळो तिचं मेलीचं तोंड, येऊ दे कापणी, तिच्या बाजूच्या ओळीत घुसून दुपारच्या आत तिले बांधभर मागं नाही टाकली तं नावाची सरिता नाही."

एवढं सगळं एका श्वासात, कुठंही न अडखळता. शेवटच्या शब्दापर्यंत आवाज तसाच होता.

दीक्षा कठड्यावर तिच्या बाजूला बसली.

"अजून," ती म्हणाली.